नववीतलं भांडण, फाटलेली प्रयोगवही आणि ‘सॉरी म्हण’: रिस्टोरेटिव्ह बैठक नेमकी घ्यायची कशी?

आठवा_तास:

माध्यमिक शाळा, नववीची तुकडी, पटावर ५४. एक मुलगा बोलताना अडखळतो. त्यावरून त्याला नाव पडलं आणि दोन आठवडे ते वर्गभर चाललं. शेवटी त्याने मधल्या सुट्टीत नाव पाडणाऱ्याची विज्ञानाची प्रयोगवही टराटरा फाडली. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं आणि ते मुलांच्या ग्रुपवर फिरलं.

अशा वेळचा उपाय ठरलेला असतो. दोघांना मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं करायचं, पालकांना बोलवायचं, ‘सॉरी म्हण, हात मिळव’. पुढच्या आठवड्यात तेच भांडण सायकल स्टँडवर सुरू. यावर पर्याय म्हणून रिस्टोरेटिव्ह पद्धत सांगतात, म्हणजे नुसत्या शिक्षेऐवजी सगळ्यांनी समोरासमोर बसून झालेलं नुकसान भरून काढायचं. तिच्या प्रशिक्षणात पंधरा शिक्षक गोल करून बसतात, सगळे छान बोलतात, चहा होतो, संपलं. वर्गात ते कसं उतरवायचं हे कुणी सांगत नाही.

म्हणून थेट विचारतो. बैठकीला कोणाला बोलवायचं, कोणाला नाही? कोण आधी बोलतं? ५४ मुलांचा गोल शक्य आहे का? आणि शिक्षा द्यायची की नाही?

---

गोटा:

सर, तुमच्या प्रकरणात नुकसान एक नाही, तीन आहेत: नाव पाडणं, वही फाडणं, व्हिडिओ फिरवणं. हे आधी सुटं करा. नाहीतर बैठक पाचव्या मिनिटाला ‘दोघांचीही चूक आहे’ या वाक्यावर येऊन थांबते आणि दोन आठवडे चिडवून घेतलेलं पोर तिथंच मिटतं.

निम्म्याहून जास्त काम बैठकीच्या आधीचं असतं. त्याच दिवशी बैठक घेऊ नका, दोन ते पाच दिवस जाऊ द्या. मधल्या काळात प्रत्येकाशी वेगळं बोला. दोन्ही मुलं प्रत्येकी २५ मिनिटं, दोघांचे पालक प्रत्येकी २० मिनिटं, आणि व्हिडिओ काढणारा व हसणाऱ्यांपैकी एक, प्रत्येकी १५. स्टाफरूममध्ये नको, येणारेजाणारे कान देतात. वाचनालयाचा कोपरा किंवा प्रयोगशाळा चालेल.

विचारायचे प्रश्न जगभर जवळपास तेच वापरतात. काय झालं? तेव्हा मनात काय चाललं होतं? नंतर काय वाटत राहिलं? कुणाकुणाला झळ बसली? ते भरून काढायला काय करावं लागेल? ज्याला त्रास झाला त्याला: कळलं तेव्हा काय वाटलं, सगळ्यांत जड काय गेलं, आता काय व्हायला हवं? यात ‘का केलंस?’ नाही, आणि ते मुद्दाम नाही. ‘का’ विचारलं की पोर कारण शोधू लागतं, म्हणजे बचाव रचू लागतं. ‘तेव्हा मनात काय चाललं होतं’ याला बचाव सापडत नाही, आठवावं लागतं.

या गप्पांमधून दोन गोष्टी तपासायच्या. ज्याने केलं तो निदान घडलेली गोष्ट मान्य करतो का? पश्चात्ताप नको, ‘हो, मी म्हणालो’ एवढं पुरे. ते नसेल तर बैठक नाही. साक्षीपुरावे काढायची ती जागा नव्हे. दुसरं, ज्याला झळ बसली तो स्वतःहून यायला तयार आहे का? आईवडील तयार आहेत म्हणून तो तयार आहे, असं धरू नका.

आता बसायची व्यवस्था. क्षुल्लक वाटते, पण बैठका बऱ्याचदा इथंच बिघडतात. मध्ये टेबल नको. सगळ्यांना एकसारख्या खुर्च्या. मुख्याध्यापकांची हातांची खुर्ची आणि मुलांना बाक, असं झालं की ते कोर्ट झालं. सतरंजीवर बसायचं तर सगळ्यांनी, पण एखाद्या आजीचे गुडघे आधी विचारा. प्रत्येक मूल आपल्या माणसाशेजारी बसतं, बैठक चालवणारा दोन्ही बाजूंच्या मधोमध. दोन्ही मुलांना एकमेकांच्या अगदी समोर बसवू नका, नजर टाळायला जागा असावी. एकूण माणसं आठ ते दहा. विषयशिक्षक, शिपाईदादा, ‘मी पण बघतो’ म्हणणारे संस्थेचे सदस्य, सगळे बाहेर. प्रयोगवहीचे शिक्षक मात्र हवेत.

बोलण्याची ठरीव पद्धत अशी: ज्याने केलं तो आधी, मग ज्याला झळ बसली तो, मग त्याची माणसं, मग करणाऱ्याची माणसं, आणि पुन्हा करणाऱ्याकडे ‘आता काही म्हणायचंय?’. करणारा पहिला, कारण त्याने सुरुवातीलाच मान्य केलं की समोरच्या पालकांचा अर्धा आवेश उतरतो. तुमच्याकडे दोघंही दोन्हीकडे आहेत. म्हणून घडलं त्या क्रमाने दोन फेऱ्या: पहिली टोपणनावाची, दुसरी वहीची. पहिली पूर्ण होईपर्यंत वहीचं नाव निघू द्यायचं नाही. पालक मध्येच काढतात. ‘त्यावर येणारच आहोत, पाच मिनिटं’ एवढं म्हणायचं आणि खरंच यायचं.

अडखळणाऱ्या मुलासाठी खास: त्याला सांगायचंय ते आधी कागदावर लिहू द्या. वाचायचं की बोलायचं की वाचून घ्यायचं, ते तो ठरवेल. आणि त्याचं वाक्य कुणीही पूर्ण करायचं नाही. मदत म्हणून शब्द पुरवणारे मोठेच असतात.

दुसरं मूल हसेल, खांदे उडवेल. तो उर्मटपणाच असतो असं नाही. लाज अंगावर आली की माणूस चारपैकी एक करतो: गप्प होऊन मागे सरतो, स्वतःला कोसतो, काही झालंच नाही असं हसण्यावारी नेतो, किंवा दुसऱ्यावर तुटून पडतो. हसू दिसल्यावर ‘लाज नाही वाटत?’ म्हणालात तर तो चौथ्यावर जाईल. थांबा, दहा सेकंद शांत राहा, तोच प्रश्न पुन्हा विचारा.

शेवटी करार. तीन-चार कलमं, प्रत्येकात कोण, काय, किती, कधीपर्यंत. ‘यापुढे नीट वागेन’ हे कलम नव्हे. तो लिहून होईपर्यंत चहा-बिस्किटं आणि मुलांना सरबत. ही दहा मिनिटं वगळू नका. एरवी न बोललेली माणसं याच वेळात एकमेकांशी बोलतात.

---

पाचवा_बाक:

फक्त गोलाबद्दल. ५४ मुलं मांडी घालून बसली तर प्रत्येकी दोन फूट धरा. घेर १०८ फूट, म्हणजे व्यास ३४ फूट. २० बाय २५ च्या खोलीत हे मावत नाही, आणि मग जे होतं त्याला गोल नाही, गर्दी म्हणतात. २७ मुलांचा व्यास १७ फूट येतो, बाक भिंतीला लावले तर बसतो. म्हणून निम्मा वर्ग, दुसरा निम्मा पी. टी. ला.

वेळेचंही तसंच. ५४ मुलं प्रत्येकी २० सेकंद बोलली तर १८ मिनिटं. ३५ मिनिटांच्या तासात जमतं, पण प्रश्न एका वाक्यात उत्तर येईल असाच हवा. मोठा प्रश्न असेल तर आत-बाहेर असे दोन गोल: आत दहा-बारा बोलतात, बाहेरचे ऐकतात, आणि आत एक जागा रिकामी. कुणाला बोलायचं असेल त्याने त्या जागेवर येऊन बसायचं, बोलून परत जायचं.

हातात फिरवायची वस्तू लागते, ती ज्याच्या हातात तोच बोलतो. डस्टर घेऊ नका, तिसऱ्या मुलापर्यंत ते फेकलं जातं. नदीतला गुळगुळीत गोटा किंवा लाकडी भोवरा चांगला. ‘पास’ म्हणायची मुभा खरी हवी. पास म्हणणाऱ्याकडे मान वळवून बघणारा शिक्षक ती मुभा काढूनच घेत असतो.

आणि मुख्य म्हणजे हे भांडण ५४ जणांच्या गोलात घेऊ नका. गोल एरवी चालवायचा असतो, आठवड्यातून एकदा, काहीही बिघडलेलं नसताना. पहिले चार-पाच गोल बिनमहत्त्वाच्या प्रश्नांवर जाऊ द्या (डब्यात काय आवडत नाही, शाळेतली कोणती जागा आवडते). ज्या वर्गाने असा गोल कधी केलाच नाही, त्याला थेट भांडणासाठी बसवलं की मुलांना ते परिपाठात उभं केल्यासारखंच वाटतं.

---

आठवा_तास:

दोघांचेही आभार, नेमकं हेच हवं होतं. एक अडचण. वहीवाल्या मुलाचे वडील म्हणतात, फाडणाऱ्यानेच सगळी वही लिहून द्यायची, ४० पानं. ऐकायला न्याय्य वाटतं. करारात घ्यावं का?

---

गोटा:

नाही. प्रयोगवही ज्याची त्याच्या अक्षरात असायला हवी. दुसऱ्याच्या अक्षरातली वही तपासणारे शिक्षक परत करणार आणि मूळ मुलगाच अडचणीत येणार. शिवाय ४० पानं ही भरपाई नाही, उठाबशांचाच लेखी अवतार आहे.

फाडणाऱ्याच्या आवाक्यातलं आणि खरोखर उपयोगी असं शोधा. नवी वही, तीही त्याने स्वतः आणलेली. समास आखणं, अनुक्रमणिकेची पानं आखणं. चार ऑफ तासांना प्रयोगशाळेत शेजारी बसून आपल्या वहीतली निरीक्षणं वाचून दाखवणं, म्हणजे दुसऱ्याचं लिहिणं निम्म्या वेळात होतं. तो अडखळतो हे लक्षात ठेवा: वाचून दाखवायला तयार आहे का हे त्यालाच विचारा, नसेल तर वही उघडून समोर धरली तरी चालते. जुन्या सह्या परत घ्यायला दोघांनी मिळून शिक्षकांकडे जाणं. फाटलेली पानं टाकू नका, चिकटपट्टीने जोडून मागे लावली तर शिक्षकांना जुनी सही दिसते आणि पुन्हा तपासणी सोपी जाते.

उलट बाजूचं कलमही तेवढंच ठोस हवं. ‘चिडवणार नाही’ हे मोजता येत नाही. ‘दुसऱ्या कुणी ते नाव घेतलं तर मी तिथंच “हे नाव बंद झालंय” म्हणेन’, हे मोजता येतं. नाव ज्याने पाडलं त्याच्याच तोंडून ते बंद झालं पाहिजे, बाईंच्या तोंडून होत नाही.

आणि एक चूक सर्रास होते: करार झाल्यावर वरून ‘तीन दिवस वर्गाबाहेर’. मुलांना लगेच कळतं की बैठक दिखाऊ होती. शाळेला काही कारवाई करायचीच असेल तर ती बैठकीच्या आधी ठरलेली आणि सांगितलेली असावी.

---

तासिका_नियोजन:

सगळं पटतं, पण वेळ मोजूया. वर दिलेल्या गप्पांचे १२० मिनिटं, बैठक ६०, नंतरच्या दोन पाहण्या प्रत्येकी १५. झाले २१०. म्हणजे ३५ मिनिटांचे सहा तास, एका भांडणासाठी. ज्यांच्याकडे आठवड्याला तीस-बत्तीस तास आहेत त्यांनी ते कुठून आणायचे?

आणि ही पद्धत आणली की सगळं सुधारतं, हेही खरं नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ४४ शाळांवर दोन वर्षांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस आले. निम्म्या शाळांत ही पद्धत लागू होती. तिथं शाळेबाहेर काढण्याचं प्रमाण घटलं, शिक्षकांना वातावरण सुधारल्यासारखं वाटलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे अभ्यासातले निकाल उलट घसरले. पुरेसं मनुष्यबळ न देता गोल वाढवले की तास कुठून कापले जातात ते मुख्याध्यापकांनी आधी बघावं.

---

गोटा:

हिशेब बरोबर आहे. म्हणूनच प्रत्येक भांडणाला बैठक नसते. शंभरातल्या नव्वद वेळा वऱ्हांड्यात उभ्या उभ्या दोन मिनिटांत तेच प्रश्न विचारायचे: काय झालं, कुणाला लागलं, आता काय करतोस? एवढं वर्गशिक्षकापासून शिपाईदादांपर्यंत सगळ्यांना जमलं तर सहा तासिका खाणारी बैठक वर्षातून दोन-तीनदाच लागते. उलट फक्त बैठकाच घेतल्या आणि वऱ्हांड्यात छडीची भाषा तशीच राहिली, तर ते पाणी वर ओतून खाली नळ उघडा ठेवण्यासारखं आहे.

पिट्सबर्गचंही नाकारत नाही. शिस्त सैल सोडणं म्हणजे रिस्टोरेटिव्ह, असा गैरसमज जिथं झाला तिथं वर्ग हातातून जाणारच. शिस्त मुलांवर लादता येते, मुलांसाठी आपणच सगळं निस्तरता येतं, दुर्लक्ष करता येतं, किंवा मुलांसोबत काम करता येतं. चौथ्यात धाकही आहे आणि आधारही, दोन्ही भरपूर. नुसता आधार म्हणजे लाड.

---

वकीलबाई:

काही प्रकरणं या गोलात आणायचीच नाहीत, ते स्पष्ट लिहिते.

लैंगिक स्पर्श, तसली चित्रफीत, तसली धमकी: पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) २०१२ च्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवायची सक्ती आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. ‘दोन्ही घरं बोलून मिटवतील’ हा पर्याय नाही. १०९८ या बालमदत क्रमांकावरही सांगता येतं. तुमच्या व्हिडिओत फक्त वही फाडणं आहे ना, हे आधी स्वतः खात्री करून घ्या.

टोपणनाव जातीवरून असेल तर ते टोपणनाव नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पालकांना तक्रार करण्यापासून परावृत्त करणं शाळेच्या अंगाशी येईल. पुढे संबंध सुधारायला बैठक घ्यायची तर ती तक्रारीच्या जागी नाही, आणि झळ बसलेल्या घराने मागितली तरच.

छडीचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली. तो कायदा ६ ते १४ वयापुरता, पण म्हणून नववी-दहावीला मारायची मुभा मिळत नाही. मुलांशी क्रूरपणे वागणाऱ्याला शिक्षा सांगणारं बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ अठरापर्यंतच्या मुलांना लागू आहे.

याच अधिनियमाच्या मूलभूत तत्त्वांत मुलांना न्यायप्रक्रियेपासून शक्य तेवढं बाजूला ठेवण्याचं तत्त्व आहे. म्हणजे किरकोळ प्रकरणात पोलिसांऐवजी अशी बैठक कायद्याच्या सुराशी जुळते. करारावर मात्र ‘कबुलीजबाब’ असं शीर्षक देऊन मुलांच्या सह्या घेऊ नका. एक पान, ‘ठरलेल्या गोष्टी’, वर्गशिक्षकाकडे; वर्षअखेरीस फाडून टाकायचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर याची सावलीही पडू नये.

---

तळ्याकाठी:

शाळेबाहेरचं थोडं जोडतो, कारण गावात ‘रिस्टोरेटिव्ह’ हा शब्द आला की लोक म्हणतात, ‘मग आपली तंटामुक्ती वेगळी काय?’ वेगळी आहे.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. कोर्टकज्जे गावातच मिटवायचा हेतू चांगलाच, आणि बांधाचे, पाटाच्या पाण्याचे कितीतरी वाद तिथं मिटले. पण तंटामुक्त ठरणाऱ्या गावाला बक्षीस होतं, म्हणजे तंटा ‘मिटला’ असं दाखवण्यात गावाचा फायदा. अशा वेळी दाब नेहमी दुबळ्या बाजूवर येतो: ‘घे मिटवून, गावाचं नाव जातंय.’ बैठकीत चारचौघं मोठी माणसं बोलतात आणि ज्याचं नुकसान झालं तो मान डोलावतो. तडजोड आणि सांधणं (म्हणजे ही रिस्टोरेटिव्ह पद्धत) यात हाच फरक. तडजोडीत मधला माणूस तोडगा सांगतो, इथं मधल्या माणसाने तोडगा सुचवायचाच नसतो.

उदाहरण घ्या. दोन पोरांनी ठिबकच्या नळ्या बारा ठिकाणी कापल्या. पंच काय करतील? दंड ठरवतील, बाप भरेल, पोरं मोकळी. सांधणारी बैठक शेतकऱ्याला आधी विचारते, सगळ्यांत जड काय गेलं? उत्तर बहुतेक वेळा पैसा नसतो. भर उन्हाळ्यात दोन दिवस पाणी बंद राहिलं, किंवा रात्री पुन्हा कुणी येईल म्हणून राखण करावी लागली. मग करार असा: १६ मिलिमीटरचे बारा जॉइंटर पोरांनी आणायचे, शेतकऱ्याच्या देखत नळ्या जोडायच्या, पाणी सोडून गळती तपासायची, आणि पुढचे चार रविवार फिल्टर धुवायचा. दंडाच्या पावतीवर यातलं काही येत नाही. फिल्टर कशासाठी, तर तिसऱ्या रविवारी शेतकरी आपणहून बोलायला लागतो.

ही कल्पना गावपंचांपासून वेगळ्या वाटेने आली. कॅनडातल्या एल्मायरा गावात १९७४ मध्ये दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली, आणि न्यायाधीशांनी त्यांना त्या घरमालकांना समोरासमोर भेटायला पाठवलं. पुढे न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अल्पवयीनांसाठी कुटुंबाची बैठकच मुख्य मार्ग केली. त्यामागे माओरी समाजाच्या रीती होत्या. ऑस्ट्रेलियात वागा वागा इथं १९९१ मध्ये पोलिसांनी ती उचलली आणि १९९४ ला क्वीन्सलँडमध्ये ती शाळेत आली.

वाळीत टाकणं, जातपंचायतीचा दंड, ‘गावजेवण घाल’ याला कुणी सांधणं म्हणत असेल तर थेट थांबवा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे.

---

आठवा_तास:

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचं एक: व्हिडिओ काढणाऱ्याला त्याच बैठकीत घ्यायचं की वेगळं?

---

गोटा:

त्याच बैठकीत, पण दुसऱ्या फेरीनंतर. आधीपासून बसवू नका. त्याला आणि हसणाऱ्यांपैकी एकाला एकच प्रश्न: तुम्ही बघत होतात तेव्हा मनात काय होतं? सहसा ‘सगळे हसत होते’ असं येतं. त्यावर व्याख्यान नको. अडखळणाऱ्या मुलाला विचारा, त्याला त्या हसण्याबद्दल काही सांगायचंय का. सांगेल किंवा नाही सांगणार.

व्हिडिओ पुसायचं कलम असं लिहा: ग्रुपवरून ‘सर्वांसाठी’ काढणं (जुना असेल तर निघत नाही), गॅलरीतून काढणं, मग ‘नुकतेच हटवलेले’ फोल्डरही रिकामं करणं. हे शेवटचं सगळे विसरतात आणि महिन्याने तोच व्हिडिओ पुन्हा वर येतो. पुढे कुणाकुणाला पाठवला त्यांची नावं त्यानेच सांगायची, आणि त्यांना पुसायला सांगणाराही तोच.

पाहणी सातव्या दिवशी आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, दोघांशी वेगवेगळी. ‘सगळं ठीक ना?’ विचारू नका, ‘हो सर’ येतं. करार समोर ठेवा, कलमावर बोट ठेवून ‘हे किती झालं?’ विचारा. समास आखलेली पानं मोजता येतात.